पावसाचे दिवस आणि पावसाचे मिलिमीटर

सकाळचे साडेआठ वाजले आहेत. देशभरातील पर्जन्यमापन केंद्रांवर याच वेळी गेल्या चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेतली जाते. निरीक्षक मापकाचे नरसाळे उचलतात, आतल्या बाटलीतील पाणी काचेच्या मापनपात्रात ओततात आणि पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचतात. या मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असल्यामुळे २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस होतो. आज पाणी १२.३ आणि १२.४ या रेघांच्या मधोमध स्थिरावले आहे. रेघा याहून कितीही बारीक आखल्या, तरी कोणत्याही दोन रेघांच्या मध्ये पाण्याची पातळी असू शकते. अशा राशीच्या नोंदींना अखंडित आकडेवारी म्हणतात.

चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर भारतीय हवामानशास्त्र विभाग तो पावसाचा दिवस धरतो. महिन्यात असे दिवस १७ असतील किंवा १८ असतील, साडेसतरा असणार नाहीत. ही खंडित आकडेवारी होय.

आता पाऊस आपोआप नोंदवणारा स्वयंचलित मापक जवळून पाहू. नरसाळ्यातून येणारे पाणी दोन छोट्या जोडपात्रांपैकी एकात साठते. ठरलेले वजन झाले की ते पात्र कलंडते, पाणी सांडते, दुसरे पात्र नरसाळ्याखाली येते आणि यंत्रात एक नोंद होते. एका कलंडण्याला ०.२ मिलिमीटर असा हिशेब असलेल्या यंत्रात पाऊस ०.२, ०.४, ०.६ असाच दिसेल, ०.५ कधीच दिसणार नाही. कलंडण्यांची संख्या निःसंशय खंडित आहे. परंतु त्यातले अर्धवट भरलेले पात्र पाहिल्यावर पाऊसच टप्प्याटप्प्याने पडला, असे कोणी म्हणणार नाही. टप्पे यंत्राचे आहेत, पावसाचे नाहीत. म्हणूनच दशांशचिन्ह दिसले की अखंडित आणि पूर्णांक दिसला की खंडित, ही वर्गात पाठ करून घेतली जाणारी खूण आम्हाला अपुरी वाटते. तो आकडा कशाचा आहे, हे विद्यार्थ्याने आधी विचारायला हवे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पावसाच्या दिवसांच्या मोजणीत त्याची भर एकाचीच पडते, आणि जेमतेम ३ मिलिमीटर पाऊस झालेल्या दिवसाचीही तेवढीच पडते.