फाटका मोजा, फुटलेलं अंडं

सकाळची वेळ. प्रोफेसर स्टॉक पायात मोजा चढवतात आणि भोकातून अंगठा बाहेर डोकावतो. दुसरा जोड शोधायला खण उघडावा, तर तो जवळजवळ रिकामा. बायकोचा खण मात्र मोज्यांनी गच्च भरलेला. शब्द एकही नाही, पण या घरातला संसार किती विटलाय ते आपल्याला कळून चुकतं.

'द मॅरेज सर्कल'. वॉर्नर ब्रदर्सचा १९२४ सालचा मूकपट. चित्रपट अमेरिकेचा, गोष्ट व्हिएन्नाची आणि दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच, बर्लिनच्या एका शिंप्याचा मुलगा.

आता दुसरं घर. डॉक्टर फ्रान्झ आणि शार्लोट, प्रेमात बुडालेलं जोडपं. न्याहारीचं टेबल. पडद्यावर नुसतं अंडं आणि कॉफीचा कप. त्याचा हात अंडं फोडतोय, तिचा हात कॉफी ढवळतोय. हात थबकतात, दिसेनासे होतात. पुन्हा येतात ते अंडं आणि कप बाजूला सारायला. चेहरे? ते दाखवायची लुबिचला गरजच वाटत नाही.

आदल्याच वर्षी चॅप्लिनच्या 'अ वूमन ऑफ पॅरिस'ने ही आडून बोलायची वाट दाखवली होती. त्यातलाच अडॉल्फ मेंजू इथे प्रोफेसर झालाय. बायको मित्झी परक्या पुरुषाबरोबर गाडीत बसते, हा खिडकीतून पाहतो आणि चक्क हसतो! घटस्फोट हवाच होता. निमित्त आपल्या पायांनी चालत आलं.

गाडीतला तो पुरुष म्हणजे फ्रान्झ, आणि मित्झी शार्लोटची जिवलग मैत्रीण. मेजवानीत मित्झीशेजारी बसायची वेळ येऊ नये म्हणून फ्रान्झ गुपचूप नावांची कार्डं बदलतो. शार्लोट पाहते. तिला वाटतं, स्वारीचा डोळा भलत्याच बाईवर आहे. मग नवऱ्यावर लक्ष ठेवायला ती कोणाला सांगते? मित्झीला! पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या न वाचताही इथे हसू फुटतं.

त्याच रात्री अंधारात शार्लोट नवरा समजून भलत्यालाच जवळ घेते. तो डॉक्टर म्युलर, नवऱ्याचाच सहकारी, तिच्यावर कधीचा लट्टू झालेला.

पुढे नवऱ्याची मित्झीबरोबरची चोरी पकडली जाते, तेव्हा तीही फणकाऱ्याने हे सांगून टाकते. म्युलर समोर उभाच असतो.

फ्रान्झला हसू आवरत नाही. त्याला वाटतं, बायको थापा मारतेय.