पिठावरची पावलं

(दृश्य : रात्र. शेणानं सारवलेली जमीन, पितळी ताट, तेवती पणती.)

काल सांजेला या घरातला म्हातारा गेला. गळ्यात तुळशीची माळ, तोंडी विठ्ठल. घरघर लागली तशी पोरांनी त्याला खाटेवरून खाली घेतलं, जमिनीवर. थोरल्यानं तोंडात गंगेचं पाणी घातलं, वर तुळशीचं पान ठेवलं. नातू कानाशी हरिनाम घेत राहिला.

माती देऊन माणसं परतली. जिथं प्राण गेला ती जागा बायांनी सारवली, ताटात चाळलेलं पीठ पसरलं, हातानं सपाट केलं आणि वर टोपलं पालथं घातलं. जवळ दिवा. तो विझू द्यायचा नाही.

उद्या सकाळी टोपलं उचलायचं आणि पिठावर काय उमटलं ते पाहायचं. पाखराचं पाऊल दिसलं तर पाखराचा जलम. नागमोडी रेघ असली तर साप. लहान लेकराचा तळवा दिसला की बाया डोळे पुसत म्हणतात, "माणसातच आला व माय." घरोघरची रीत थोडी वेगळी असते, पण विदर्भातल्या कितीतरी गावांत हे पीठ आजही पसरलं जातं. माझ्या आजीच्या वेळी टोपलं उचललं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. मला काही दिसलं नाही, मावशीला दिसलं. तिला खोटं म्हणायची माझी आजही तयारी नाही.

(दृश्य : देव्हारा. लाल फडक्यात बांधलेली पोथी.)

शेवटच्या घटकेला नाव कानावर पडावं, यासाठी एवढी धडपड का? गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत सांगतात, देह सोडताना जो भाव मनात असतो, तोच जीवाला मिळतो. भागवतातला भरत राजा राज्य टाकून रानात गेला, तप केलं, आणि एका पोरक्या पाडसात गुंतला. मरताना डोळ्यांपुढे तेच पाडस होतं. पुढचा जन्म हरणाचा मिळाला. कीर्तनात ही कथा लागली की म्हातारी माणसं सावरून बसतात. आपला जीव कशात अडकलाय, शेतात, नातवात की धुऱ्याच्या भांडणात, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं.

(दृश्य : वर्धा नदी, पहाटेचं धुकं. कौंडण्यपूरचा घाट.)

हे कौंडण्यपूर. अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, रुक्मिणीचं माहेर. आषाढीला इथून तिची पालखी पंढरपूरला जाते. आसपासची माणसं अस्थीही इथंच सोडतात. भागवताच्या दहाव्या स्कंधात रुक्मिणीचं कृष्णाला पत्र आहे, सात श्लोकांचं. शेवटच्या श्लोकात ती म्हणते, तुझी कृपा झाली नाही तर व्रतांनी देह झिजवून प्राण सोडीन. शंभर जन्म लागले तरी चालतील, पण तूच हवास. जन्ममरणाच्या फेऱ्याला सगळे भितात, आणि ही विदर्भाची लेक शंभर फेरे कबूल करते. अस्थींचं मडकं घेऊन या घाटावर उभं राहिलं की मला ते पत्र आठवतं.

वारकऱ्यांचं मागणंही याच वळणाचं. भजन संपताना टाळकरी उभे राहून म्हणतात ते तुकोबांचे शब्द, "न लगे मुक्ति धन संपदा". आणि शेवटी, "तुका म्हणे गर्भवासी, सुखे घालावे आम्हासी." पुन्हा आईच्या पोटी घाल, नऊ महिने कोंड, फक्त तुझा विसर पडू देऊ नकोस. मोक्ष हातचा सोडून जन्म मागणारी ही भक्ती कळायला मला चाळिशी यावी लागली.

(दृश्य : मोझरी, गुरुकुंज आश्रम.)

याच तालुक्यात मोझरी आहे. 11 ऑक्टोबर 1968 ला तुकडोजी महाराजांनी इथं देह ठेवला. पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो माणसं जागच्या जागी मूक उभी राहतात. ग्रामगीतेत त्यांनी अंत्यसंस्कारावर वेगळा अध्यायच लिहिला. आणि कर्ज काढून जेवणावळी उठवू नका, हे गाडगेबाबा कीर्तना-कीर्तनातून सांगत गेले. तरीही कपाशीचा पैसा हाती यायच्या आधी तेरवीसाठी सावकाराचं दार ठोठावणारी घरं मी पाहिली आहेत. जीव तुटतो.

(दृश्य : पुन्हा तेच घर. उजाडतंय.)

दिवा रात्रभर तेवला. लेकीनं टोपलं उचललं. सगळे वाकले. पिठावर तीन बारीक रेघा, एका ठिकाणी जुळलेल्या.

"पाखराचं पाऊल," कुणीतरी म्हणालं. लेक रडू लागली. माणसाचा जलम नाही भेटला बाबाले.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, कुंकू पुसलेलं कपाळ, रात्रभर जागलेले डोळे. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको बाई. गुडघ्यानं दोन वर्सं वारी चुकली होती त्याची. आता उडत जाईन पंढरीले."