उरलेले ५० मिलिमीटर

(दृश्य : जॅकवर उचललेली हॅचबॅक. पुढचं चाक काढलेलं. शॉकअपवरचं रबरी कव्हर वर सरकवून दोन हात दांड्याभोवती केबल टाय बांधतात.)

वायरिंग बांधायला वापरतात तीच ही साधी केबल टाय. आत्ता ती शॉकअपच्या दांड्यावर, नळीच्या तोंडाशी बसली आहे. चाक उंचवट्यावर चढलं की नळी वर सरकेल आणि टायला ढकलत नेईल. नळी परत खाली येईल, टाय मात्र तिथेच राहील. संध्याकाळी गाडी परत आली की या टायवरून कळेल, दिवसभरात चाक जास्तीत जास्त किती वर गेलं होतं.

गाडी खाली करायची, म्हणजे तिची बसण्याची उंची कायमची कमी करायची ठरली की सगळे आधी चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीकडे बघतात. मीही तेच करायचो. दिसायला गाडी तिथूनच बदलते, हे खरंच आहे. पण रोज कामावर जायची, घरच्यांना घेऊन फिरायची गाडी असेल, तर आधी बघायची जागा ही आहे. या दांड्यावरची.

गाडी चाकांवर उतरवली की टाय थोडी वर सरकून थांबते. तिथे मार्करने एक खूण. या खुणेपासून वरच्या बम्प स्टॉपपर्यंत, म्हणजे चाल संपताना नळीला अडवणाऱ्या मऊ ठोकळ्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच जागा चाकाकडे धक्का गिळायला असते. या गाडीत ती भरली ८० मिलिमीटर.

आता गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली, तर उरतात ५०. ५० मिलिमीटर खाली बसवली, तर उरतात फक्त ३०.

ही वजाबाकी सोपी वाटते, पण स्प्रिंग ती वर्गात मोजते. स्प्रिंग किती धक्का पोटात घेते, हे ती किती दबली याच्या वर्गावर ठरतं. शॉकअपचा वाटा बाजूला ठेवला, तर ८० मिलिमीटरमध्ये जिरणारा धक्का ५० मध्ये जिरवायला स्प्रिंग अडीचपटीहून जास्त कडक लागेल. ३० मध्ये जिरवायचा तर सातपट. सातपट कडक स्प्रिंग कोणी बसवत नाही. मग शिल्लक राहिलेला धक्का बम्प स्टॉपवर जातो आणि तिथून थेट आपल्या पाठीत.

(दृश्य : स्पीडब्रेकरवरून जाणारी गाडी, चाकाच्या उंचीवरून. 'धप्प' असा आवाज.)

हा आवाज नीट ऐका. गाडी खाली करून घेतलेले कितीतरी जण इथे म्हणतात, "स्प्रिंग फार कडक आहे." पुष्कळदा अगदी उलट असतं. त्या उंचीच्या मानाने स्प्रिंग मऊ पडते, गाडी जवळजवळ बम्प स्टॉपवर टेकलेलीच असते आणि प्रत्येक लहानसहान खड्ड्यात आपटते. अशी गाडी १० मिलिमीटर वर घेतली, किंवा तिला जरा कडक स्प्रिंग दिली, तर ती मऊ चालायला लागते. ऐकायला विचित्र वाटेल, पण केबल टाय ते दाखवून देते.

म्हणून बम्प स्टॉप काढून टाकायचा का? अजिबात नाही. तो नसेल तर शॉकअपच आतून आपटतो आणि निकामी होतो. चांगला बम्प स्टॉप फेसासारख्या पॉलियुरेथेनचा असतो. सुरुवातीला सहज दबतो, मग हळूहळू घट्ट होत जातो. खाली केलेल्या गाडीला त्याच प्रकारचा आखूड स्टॉप लागतो, किंवा स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेवढाच मूळचा कापायचा. अंदाजाने कधीही कापू नका.

स्प्रिंगही कापायची नाही. गॅरेजमध्ये अजून कोणी ना कोणी सुचवतं, एक वेढा उडवू म्हणून. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, पण किती, हे कोणी मोजलेलं नसतं. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. तो विषय इथेच संपवू.

मग स्प्रिंग किती कडक घ्यायची? पेटीवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. गाडीचं अंग सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल, ते बघायचं. साधारण प्रवासी गाडी सेकंदाला १ ते दीड वेळा झुलते. आपण चालतो ते सेकंदाला दोनेक पावलं, त्यामुळे या चालीच्या जवळपासची हालचाल शरीराला ओळखीची वाटते. सेकंदाला ४ ते ८ वेळांच्या पट्ट्यात मात्र बसलेल्या माणसाला उभा हादरा सगळ्यात जास्त जाणवतो.

समजा पुढच्या एका चाकावर गाडीच्या अंगाचं ३५० किलो वजन येतं. चाकापाशी दर मिलिमीटरला २५ न्यूटनची स्प्रिंग असेल, तर झुलणं येतं सुमारे १.३. ३५ न्यूटनची घेतली तर १.६. आणि कॉइलओव्हरच्या, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअप जोडीच्या पेटीवर बरेचदा दिसणारी '६ किलो' स्प्रिंग, म्हणजे जवळपास ६० न्यूटन, घेतली तर २.१. रोजच्या गाडीला मी १.५ ते १.७ च्या पुढे जाणार नाही. २ च्या वरची गाडी गुळगुळीत ट्रॅकवर शोभते. शेजारी आई बसणार असेल तर तिथे जाऊ नये.

मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्याशी थेट ताडून बघू नका. पुष्कळ गाड्यांत मागची स्प्रिंग चाकापासून आत, चाक धरणाऱ्या आर्मवर बसते. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ च दबली, तर तिच्या कडकपणातला निम्माच वाटा चाकापर्यंत पोचतो. ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणून.

पुढच्या-मागच्या मेळाची गोष्ट जुनी आहे. मॉरिस ओली हा रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला इंजिनिअर १९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. गाडीवर हलवता येणारी वजनं लादून पुढच्या-मागच्या स्प्रिंगचा मेळ बदलायचा आणि बसणाऱ्याला काय वाटतं ते बघायचं, असे प्रयोग त्याने केले. त्यातून निघालेली गोष्ट आजही कामाची आहे : मागचं झुलणं पुढच्यापेक्षा थोडं जलद हवं. ताशी ७२ किलोमीटर वेगात, पुढच्या आणि मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असेल, तर मागचं चाक त्याच उंचवट्यावर ०.१३ सेकंद उशिरा चढतं. मागची बाजू थोडी जलद झुलली की ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नाक खालीवर न करता सपाट उठते, सपाट बसते. लांबच्या प्रवासात मान दुखणं-न दुखणं बऱ्याच अंशी यावर असतं. सेट घेताना हे जरूर विचारा.

(दृश्य : टेबलावर दोन संच. एकीकडे लोअरिंग स्प्रिंग आणि शॉकअप, दुसरीकडे आटे असलेला कॉइलओव्हर.)

नुसत्या लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, मूळच्या शॉकअपवर चालतात का? गाडी २०-२५ मिलिमीटरच खाली बसवली असेल, शॉकअप नवे असतील, तर चालून जातं. जुन्या शॉकअपवर नको. नव्या स्प्रिंगचा परतीचा जोर त्यांना आवरत नाही आणि गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डुलत राहते. त्यापेक्षा त्या स्प्रिंगसाठीच जुळवलेल्या शॉकअपचा पूर्ण संच. उंची एकदाच ठरते, छेडछाड करता येत नाही आणि रोजच्या गाडीला तेच सगळ्यात चांगलं. बहुतेकांना मी हाच घ्यायला सांगेन.

कॉइलओव्हर घ्यायचाच असेल, तर ज्यात उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलते, तसा बघा. त्यात उंची बदलली तरी शॉकअपची चाल तेवढीच राहते. फक्त चाक आतल्या बाजूला कुठे घासत नाही ना, हे तपासायचं. आणि वरची रिंग फिरवून स्प्रिंग 'कडक' होते हा समज सोडा. सरळ स्प्रिंग आधी थोडी दाबून ठेवली म्हणून तिचा कडकपणा बदलत नाही.

शॉकअपचा जोर कमी-जास्त करणाऱ्या नॉबचंही तसंच. एकच नॉब असलेल्या पुष्कळ कॉइलओव्हरमध्ये तो मुख्यतः परतीची चाल आवळतो. जास्त आवळला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी आणखी बसते आणि शेवटी पुन्हा बम्प स्टॉपवर येते. कमीत कमी क्लिकवरून सुरुवात करा, डुलणं थांबेल तिथे सोडून द्या.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे चाकाला वरून धरणारा शॉकअपचाच खांब असेल, आणि छोट्या गाड्यांत बहुधा तोच असतो, तर फार खाली जाण्याचा आणखी एक तोटा आहे. खालचा आर्म बाहेरच्या टोकाकडे वर झुकतो. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, वजनाचा मध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त खाली जातो. वळणावर कलवणारी तरफ लांबते. म्हणजे गाडी बसकी दिसते आणि मऊ स्प्रिंग असेल तर पूर्वीपेक्षा जास्त कलते.

टायर विसरू नका. २०५/५५ आर १६ ची बाजूची भिंत ११३ मिलिमीटर, २२५/४० आर १८ ची ९०. बाहेरचा व्यास जवळपास तोच, पण पहिला धक्का घेणारं रबर २३ मिलिमीटरने गेलं. सस्पेन्शन आणि मोठी चाकं एकाच दिवशी बदलली, तर दोष कुणाचा ते कळणारच नाही.

(दृश्य : गाडी चाकांवर उभी. खाली शिरून लोअर आर्मचा बोल्ट घट्ट केला जातो.)

हे शेवटचं काम फार जणांकडून राहून जातं. आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेलं राहतं. ते चालीला अडवतं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे. शॉकअपचे वरचे माउंट रबरीच ठेवा. स्प्रिंग बसायला काहीशे किलोमीटर द्या, मग अलाइनमेंट. टायर खातो तो मुख्यतः टो (वरून बघताना चाकाचं आत-बाहेर वळलेलं असणं), कॅम्बरपेक्षा (समोरून बघताना चाकाचं कललेलं असणं) लवकर. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

(दृश्य : तीच हॅचबॅक, आठवड्यानंतर. रबरी कव्हर वर जातं. पट्टी दांड्याला लावली जाते.)

पहिल्या आठवड्यात गाडी ४० मिलिमीटर खाली होती आणि टाय बम्प स्टॉपमध्ये रुतून बसलेली सापडली. आपण ती १२ मिलिमीटर वर घेतली. फटीत फरक शोधावा लागतो. रस्ते तेच, माणसं तीच.

आज टाय स्टॉपच्या ७ मिलिमीटर अलीकडे थांबली आहे.