बिगफुट, भाड्याचा कॅमेरा आणि गावकऱ्यांची साक्ष

मंडळी, बिगफुट म्हणजे अमेरिकेच्या जंगलात हिंडतो असं म्हणतात तो माणसासारखा केसाळ प्राणी. त्याच्यावरच्या सिनेमांना हसणं फार सोपं आहे. केसाळ सूट चढवलेला उंच माणूस झाडांआडून जातो, कॅमेरा थरथरतो, कोणीतरी किंचाळतं, खेळ खलास. त्यातले बहुतेक सिनेमे टुकारच आहेत, त्यांची वकिली करायला मी आलेलो नाही. मात्र जे दोन-चार जमून आलेत, ते खिशात पैसे नव्हते म्हणूनच जमलेत, एवढं मला आज सांगायचंय.

आधी थोडी पूर्वपीठिका. १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकच्या खोऱ्यात जंगलातून रस्ता काढायचं काम चालू होतं. तिथल्या बुलडोझरवाल्याला मातीत माणसासारखी, पण अजस्र पावलं उमटलेली दिसली. प्लास्टरच्या ठशाचा फोटो स्थानिक पेपरात छापून आला आणि 'बिगफुट' हे नाव देशभर झालं. (त्या कामाचा कंत्राटदार २००२ साली वारला, तेव्हा घरच्यांनी लाकडाची कोरीव पावलं काढून दाखवली. मानणाऱ्यांच्या श्रद्धेला त्याने तसूभरही धक्का लागला नाही, हे सांगायला नकोच.) त्याच ओढ्याकाठी २० ऑक्टोबर १९६७ला रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन घोड्यांवरून गेले. पॅटरसनला बिगफुटवर सिनेमाच काढायचा होता. १६ मिलिमीटरचा कॅमेरा दुकानातून भाड्याने आणलेला, परत करायची मुदत टळलेली, दुकानदाराने तक्रारही केलेली. त्या कॅमेऱ्यात मिनिटभराची फीत सापडली: काळपट केसाळ आकृती रेताडातून चालत जाते, चालता चालता एकदाच मान वळवून बघते आणि झाडीत शिरते. खरी की खोटी, हा वाद अजून मिटलेला नाही. पण पुढच्या कित्येक दिग्दर्शकांनी ती एक मान वळवणं पुन्हा पुन्हा चित्रित करायचा प्रयत्न केला.

आता मुख्य सिनेमाकडे येतो. 'द लेजंड ऑफ बॉगी क्रीक', १९७२. दिग्दर्शक चार्ल्स पिअर्स हा टेक्सारकानाचा जाहिरातवाला. हॉलिवूडशी संबंध नाही, स्टुडिओ नाही. जवळच आर्कन्सा राज्यात फाउक नावाचं जेमतेम पाचशे वस्तीचं गाव. १९७१ साली तिथल्या एका घरावर रात्री केसाळ प्राण्याने हल्ला केल्याची बातमी आली, सोयाबीनच्या शेतात तीन बोटांची पावलं निघाली, लिटल रॉकच्या रेडिओ स्टेशनने त्याला पकडणाऱ्याला १,०९० डॉलरचं बक्षीस लावलं. आकडा असा चमत्कारिक का? तर ते स्टेशन रेडिओवर १०९०लाच लागायचं! पिअर्सने ट्रकचा धंदा करणाऱ्या एका स्थानिक व्यापाऱ्याकडून पैसे उभे केले. सगळा खर्च साधारण १,६०,००० डॉलर. मदतीला शाळकरी पोरं, आणि नट म्हणाल तर खुद्द गावकरी, बरेचसे स्वतःच्याच भूमिकेत.

इथे खरी गंमत आहे. ही माणसं अभिनय अजिबात करत नाहीत. पारावर बसून सांगावं तसं निवांत सांगतात, मध्येच थांबतात. सुरुवातीला एक पोरगा माळरानातून धावत दुकानात येतो आणि आईने केसाळ माणूस पाहिलाय असं सांगतो. दुकानातले म्हातारे हसण्यावारी नेतात. परतताना अंधार पडत असतो आणि दुरून ओरडण्याचा आवाज येतो. बस, एवढंच. प्राणी जवळून दाखवण्याची ऐपतच नव्हती, म्हणून पिअर्सने पाणथळ जंगल दाखवलं: सल्फर नदीचं साचलेलं पाणी, त्यात उभी झाडं, संध्याकाळचा पिवळा उजेड. मध्येच एक-दोन गाणीही येतात. राक्षसाच्या एकटेपणावर चक्क भावगीत! मला ते आवडतं, पण तिथे हसू आलं तर दाबू नका. शेवटच्या हल्ल्यात संडासात बसलेल्या माणसाला खिडकीत प्राणी दिसतो आणि माणूस अर्धवट विजारीत बाहेर पळतो. असा तपशील सहसा कोणी पदरचा घालत नाही, आणि तिथेच आपला विश्वास बसायला लागतो.

लहान मुलांनाही बघता येईल असं प्रमाणपत्र मिळाल्याने सहकुटुंब गर्दी झाली आणि कमाई दोन कोटी डॉलरच्या घरात गेली. मग नकलांची रांग लागली. काही कंपन्या आठवडाभर थिएटरच भाड्याने घ्यायच्या, स्थानिक टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार करायच्या, आणि सिनेमा रद्दी आहे हे गावभर होईपर्यंत गल्ला घेऊन पसार. ऐंशीच्या दशकातल्या रक्तबंबाळ पटांबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

पिअर्सचा धडा नीट गिरवला तो २०१३ साली बॉबकॅट गोल्डथ्वेटने, 'विलो क्रीक'मध्ये. विलो क्रीक हे ब्लफ क्रीकच्या मुलखातलं खरंखुरं गाव. स्वतःला बिगफुटची राजधानी म्हणवतं, संग्रहालय बाळगून आहे. निम्मा सिनेमा गावात लोकांशी गप्पा मारण्यात जातो. मग येतो तंबूतला प्रसंग: कॅमेरा एका जागी ठेवलेला, समोर एक तरुण आणि त्याची मैत्रीण, अठरा-एकोणीस मिनिटं एकही कट नाही. आधी दूर कुठेतरी लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. मग तोच जवळून. मग रडल्यासारखं काहीतरी, आणि शेवटी तंबूच्या कापडाला बाहेरून काहीतरी लागतं. प्राणी दिसत नाहीच. खर्च किती? एक तंबू, दोन नट, आवाज. पुढच्याच वर्षी आलेल्या 'एक्झिस्ट्स'मध्ये बिगफुट चांगला ऐसपैस दाखवलाय, सूटही उत्तम आहे, पण तो दिसला की माझी भीती उतरते.

'बॉगी क्रीक' बघणार असाल तर टीव्हीवरून उतरवलेली जुनी प्रत नको. मूळ चौकट चांगली रुंद आहे आणि टीव्हीसाठी तिच्या दोन्ही कडा कापल्या होत्या. म्हणजे अर्धं जंगल गेलं, आणि या सिनेमात बघायचं ते जंगलच. पिअर्सच्या मुलीने २०१९मध्ये त्याची नवी, स्वच्छ प्रत आणली. ती मिळवा.