शाळेनं मुलाकडे सरकायचं

श्रोतेहो, नमस्कार.

मूल शाळेत आलं नाही, की आपण म्हणतो, "घरच्यांना शिक्षणाची किंमत नाही." आलं, पण शिकलं नाही, की म्हणतो, "त्याचं लक्षच नसतं." दोन्ही वेळा आपलं बोट मुलाकडे किंवा त्याच्या घराकडे असतं. शाळेकडे ते क्वचितच वळतं. महाराष्ट्रात हे बोट शाळेकडे वळवून दाखवलं ते बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी.

ताराबाई १९४५ साली मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि तिथं त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलेलं होतं. मुलानं साधनं हाताळत स्वतः शिकायची मॉन्टेसोरी पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती. पण तिची महागडी साधनं खेड्यातल्या बालवाडीला कुठून परवडणार? मग शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मोजायलाही तीच आणि रांगोळी मांडायलाही तीच. वस्तीतली गरीब मुलं केंद्रावर येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर अंगणवाडी चालते तिचं मूळ त्या अंगणांत आहे.

पुढं १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथं अडचण वेगळी होती. मुलं दिवसभर गुरांमागं जायची. मुलगा गुरं राखतो म्हणून घरातली मोठी माणसं कामावर जाऊ शकतात, हे उघड होतं. त्याला दटावून शाळेत आणून बसवलं, तर घरची चूल अडचणीत येणार. म्हणून ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरताहेत, झाडाला फळा टांगलाय आणि सावलीत मुलं शिकताहेत. ती कुरणशाळा. वेळ मुलांच्या सोयीची, जागा मुलांच्या सोयीची.

बालकेंद्री शिक्षण हा शब्द हल्ली शासनाच्या परिपत्रकांत, प्रशिक्षणांत, शाळांच्या जाहिरातींत सगळीकडे भेटतो. माझ्या मते त्याची कसोटी एकच. मूल शिकत नाही असं दिसल्यावर शाळा स्वतःत काही बदल करते का? करत असेल, तर ती शाळा बालकेंद्री. मग तिच्या भिंतीला रंग असो वा नसो.

भिंतीच्या रंगाचं मी मुद्दाम बोलतोय. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटातल्या, जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून आपलं ज्ञान घडवतं या विचाराचं, फार चांगलं काम उभं केलं. फरशीवर आखलेल्या अक्षरांच्या आणि अंकांच्या चौकटी, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर फळे, गटागटानं चाललेलं काम. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून गेल्या. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि ही हवा गावोगाव पोचली. शिक्षकांनी पदरचे पैसे घातले, गावांनी वर्गणी काढली, शाळा देखण्या झाल्या. हा उत्साह खरा होता आणि त्याचं मोल मोठं आहे. पण बऱ्याच ठिकाणी कुमठ्याहून नेली ती फरशीच. त्या फरशीवर बसून मुलांशी रोज जे बोललं जात होतं, ते मागंच राहिलं. रंगवलेल्या चौकटीवर मुलांना ओळीत बसवून पूर्वीसारखंच "म्हणा माझ्या मागं" चालू राहिलं, तर बदललं काय?

हे बोलणं म्हणजे नेमकं काय, ते एका वजाबाकीवरून सांगतो. तिसरीचा वर्ग. पाटीवर बावन्न वजा सतरा. एका मुलीनं उत्तर लिहिलंय, पंचेचाळीस. एरवी लाल खडूची एक फुली पडते आणि शिक्षक पुढच्या पाटीकडे वळतात. त्या दिवशी बाई तिच्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कसं केलंस, सांग बरं मला." मुलगी म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढले. पाच आले. पाचातून एक गेला, चार."

बघा, ही मुलगी निष्काळजी नाही. तिनं विचार केलाय. अडचण आली तेव्हा तिनं स्वतःपुरता नियम काढला आणि तो इमानदारीनं पाळला. नियम चुकीचा आहे, पण तो तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय बाईंना कळणार कसा? बाईंनी तिच्यापुढं दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "यातल्या सतरा मला दे." मुलीनं एक गठ्ठा दिला. सुट्या दोन दिल्या. आता अजून पाच हव्यात. ती उरलेल्या गठ्ठ्यांकडे बघत राहिली. वर्गात गलका चालू होता. बाई गप्प. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाई, एक गठ्ठा सोडू?" बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" तिनं रबर काढलं, पाच काड्या मोजून दिल्या. उरले तीन गठ्ठे आणि पाच काड्या. पस्तीस. मग तिनं आपल्या पाटीकडे पाहिलं आणि स्वतःच पुसलं.

गठ्ठा सोडायचा हे बाईंनी आधीच सांगितलं असतं, तर अर्धं मिनिट वाचलं असतं आणि मुलगी पुढच्या गणिताला पुन्हा अडली असती. शिक्षकाचं कसब त्या गप्प बसण्यात आहे. ते प्रशिक्षणाच्या पीपीटीतून येत नाही. ते येतं एका शिक्षकानं दुसऱ्याच्या वर्गात बसून, मग दोघांनी मुलांच्या वह्या समोर घेऊन बोलण्यातून. आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र जमतात त्या शिक्षण परिषदेत वरून आलेल्या सूचना वाचण्यापेक्षा अशा पाच वह्यांवर चर्चा व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याकडे येतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम २९ अगदी स्वच्छ सांगतं: शिकणं कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीनं व्हावं, शक्य तितकं मातृभाषेतून व्हावं आणि मूल भीतीपासून मुक्त असावं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन त्याच कलमातलं. त्यामागचा विचार असा, की सहामाही आणि वार्षिक परीक्षेची वाट न बघता मूल कुठं अडलंय ते रोजच्या रोज टिपावं आणि दुसऱ्या दिवशीचं शिकवणं त्यावर ठरवावं. प्रत्यक्षात बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. "सहकार्याची वृत्ती दिसते." "अभ्यासात सुधारणा आवश्यक." चाळीस मुलांपुढं आलटूनपालटून तीच वाक्यं. अशा नोंदीचा मुलाला काय उपयोग? याउलट, "वजाबाकीत मोठ्या अंकातून लहान अंक काढते, काड्या दिल्या की स्वतः दुरुस्त करते," ही एक ओळ पुढच्या वर्षीच्या शिक्षकालासुद्धा कामाला येते.

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक शाळा दोनशिक्षकी आहेत. वर्ग चार किंवा पाच. त्यातले एक गुरुजी मुख्याध्यापकाचं काम बघणार. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आज मागितलेली आणि कालच हवी असलेली आकडेवारी. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर कामांना जुंपू नये. मुलाशेजारी खाली बसायला शिक्षकाला वेळ लागतो. तो वेळ कागदांनी खाल्ला, तर बालकेंद्री शिक्षणाची परिपत्रकं काढून काही व्हायचं नाही.

आणि चार इयत्ता एका खोलीत असणं ही केवळ अडचण नाही. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी शिकण्याच्या पायऱ्यांची एक शिडी तयार केली. प्रत्येक पायरीला कृतीची कार्डं. मूल आपल्या पायरीचं कार्ड उचलतं, काही ठिकाणी एकटं, काही ठिकाणी सोबत्याबरोबर, काही ठिकाणी शिक्षकाच्या मदतीनं काम करतं. चार दिवस गैरहजर राहिलं, तरी जिथं सोडलं तिथून सुरू. वर्ग पुढं निघून गेला आणि मूल मागं राहिलं, हा प्रकारच नाही. आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा होते, तेव्हा मला हे आठवतं. शहरातले पालक ज्या लहान वर्गासाठी भरमसाट फी मोजतात, तो वाडीवस्तीवर आपल्याकडे आहे आणि आपण त्याला ओझं म्हणतोय.

पालकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: "शाळेत नुसता खेळच चालतो, वहीत काहीच दिसत नाही." ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरातून शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घरानं आपलं सगळं शाळेवर पणाला लावलेलं असतं. त्यांना खात्री हवी. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाढे पाठ हवेतच. वाचनाचा सराव रोज हवा. शुद्धलेखनही हवं. सरावाशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते न समजलेल्या गोष्टीचा सराव करून घेण्याशी. सात-आठे छप्पन्न म्हणजे सात-सातचे आठ ढीग हे एकदा हातांनी मांडून झालं, की मग पाढा खुशाल म्हणू दे घोळून घोळून. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय, पुण्याचं अक्षरनंदन, फलटणचं कमला निंबकर बालभवन, या मराठी माध्यमाच्या शाळांनी वर्षानुवर्षं हे करून दाखवलंय. मुलं बोलतात, प्रश्न विचारतात, परिसरात हिंडून माहिती जमवतात आणि वाचतात-लिहितातही नीट. घरात पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणून दाखवणाऱ्या मुलापेक्षा, हातात आलेलं मराठी वर्तमानपत्र वाचून "यात असं का लिहिलंय?" विचारणारं मूल मला जास्त शिकलेलं वाटतं.

देशानं २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट दिल्लीत ठरलं, तरी ते पुरं होणार तुमच्या गावातल्या वर्गात.

तिथं तुमचा अधिकार आहे. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. या समितीच्या बैठकीत बहुतेक वेळ जातो तो पत्रे, कंपाउंड आणि शौचालयाच्या दुरुस्तीत. तेही लागतंच. पण पुढच्या बैठकीला एक विषय आवर्जून घ्या. तिसरीपर्यंतच्या एकेका मुलाला आज काय येतं आणि ते कुठं अडलंय, हे शिक्षकांना नोंदवहीतून वाचून दाखवायला सांगा. नोंद नसेल, तर आवाज चढवू नका. ती करायला शिक्षकांना आठवड्यातून निवांत वेळ कसा मिळेल, तोवर पोषण आहाराकडे कोण बघेल, कोणती आई, कोणते आजोबा तासभर मुलांना गोष्टी सांगायला येतील, एवढं त्याच बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात नावानिशी लिहा.

धन्यवाद. नमस्कार.