दळणाचं निमित्त

श्रोतेहो, नमस्कार.

घरात मार सोसणारी बाई मदत मागायला निघते तेव्हा घरच्यांना तसं सांगून निघत नाही. दळण, रेशन, पोराचं औषध, असं काहीतरी निमित्त लागतं. अशा बायकांना मदत करणारी मुंबईतली 'दिलासा' केंद्रं म्हणूनच रुग्णालयात आहेत. पहिलं 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. अंगावरचे वळ पाहून डॉक्टर किंवा नर्सने विचारायचं आणि तिथल्या तिथे समुपदेशकाकडे पाठवायचं. घरी एवढंच माहीत, की ती दवाखान्यात गेली.

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली आणि ही निमित्तंच संपली. ओपीडी ओस पडल्या, लोकल बंद, नवरा दिवसभर घरात. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर ई-पास, म्हणजे प्रवासाची सरकारी परवानगी हवी.

राष्ट्रीय महिला आयोगाने 10 एप्रिलला व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला. चांगलंच केलं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतःला वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे 54 टक्केच होत्या. आणि फोन असला, तरी एका खोलीच्या घरात बोलायचं कुठे? संडासाच्या रांगेत?

म्हणून हेल्पलाईनवरच्या कार्यकर्तीने नाव-गाव विचारण्याआधी विचारावं, "आत्ता बोलता येईल का? फक्त हो किंवा नाही म्हणा." पुढचा फोन कोणी, किती वाजता करायचा, हे त्या बाईनेच ठरवायचं. न ठरवता केलेला उलट फोन नवऱ्याने उचलला, तर त्या रात्रीचा मार आपल्यामुळे. बोलणं झालं की तिला फोनमधून नंबर पुसायची आठवण करून द्यावी.

टाळेबंदीत निवारागृहांत वेगळीच अडचण होती. कोरोना चाचणीचा अहवाल आणा, मग प्रवेश. रात्री अकराला नेसत्या साडीनिशी निघालेल्या बाईने तो कुठून आणायचा? आधी आत घ्यावं, वेगळ्या खोलीत ठेवावं, चाचणी नंतर करावी. पुढच्या साथीआधी प्रत्येक निवारागृहाने अशी एक खोली राखून ठेवलीच पाहिजे.

आता कायद्याचं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायला आधी पोलिसात गुन्हा नोंदवावा लागत नाही. हे अनेकींना कोणी सांगतच नाही. ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. पहिली तारीख साधारणपणे 3 दिवसांत मिळायला हवी, आणि कलम 23 नुसार तिच्या प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम आदेशही, म्हणजे समोरच्याचं ऐकण्याआधीच तात्पुरता आदेश, देता येतो.

शेजाऱ्यांनो, याच कायद्याचं कलम 4 तुमच्यासाठी आहे. संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, खबर कोणीही देऊ शकतं, आणि सद्हेतूने दिली असेल तर तुमच्यावर काहीही येत नाही. मारहाण सुरू असेल तर थेट आणीबाणीचा 112, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाईनचा 181.

आणि ताई, विश्वासातल्या शेजारणीशी एक वाक्य ठरवून ठेवा. "वाटीभर साखर आहे का?" एवढं कानावर पडलं की तिने 112 लावायचा. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले तिच्याकडे ठेवता आले तर उत्तम. नाहीतर त्यांचे फोटो बहिणीला पाठवा आणि लगेच स्वतःच्या फोनमधून पुसून टाका.