पार्किंग ‘माझं’ म्हणजे नक्की कुणाचं?

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या वार्षिक सभेला कधी बसला असाल तर हे तुमच्या ओळखीचं असेल. ताळेबंद दहा मिनिटांत मंजूर. लाखो रुपयांच्या रंगकामाचं कोटेशन, तेही मंजूर, कुणी पान उलटून बघत नाही. मग चेअरमन म्हणतात, विषय क्रमांक सहा, पार्किंग. आणि मागच्या रांगेतले एक काका उभे राहतात. “मी बिल्डरला दोन लाख मोजलेत!”

आजचा व्हिडिओ त्या दोन लाखांवर आहे. आणि दोन बंगल्यांमधल्या सामाईक बोळावरही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शेजाऱ्याशेजाऱ्यांत ज्या जागेवरून बोलणं बंद होतं, ती जागा बहुतेक वेळा दोघांपैकी एकाच्याही एकट्याच्या मालकीची नसते. कुणाला तिथे गाडी लावायची मुभा असते, कुणाला तिथून जायचा हक्क असतो. भांडण मात्र मालकीचं चालतं.

आधी काकांचे दोन लाख.

मुंबईत दहिसर पूर्वेला पांचाली नावाची सोसायटी. बिल्डर नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड. इमारतीखाली स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांच्या मधल्या मोकळ्या भागात, २५ गाड्यांच्या जागा. बिल्डरचं म्हणणं, फ्लॅट विकले, पण या २५ जागा माझ्याच. सोसायटीने त्यात हात घालू नये. गंमत म्हणजे दावा बिल्डरनेच लावला होता. खालच्या कोर्टात हरले, उच्च न्यायालयात हरले, आणि ३१ ऑगस्ट २०१० ला सर्वोच्च न्यायालयातही हरले.

न्यायमूर्ती लोढा आणि न्यायमूर्ती पटनाईक यांचा हा निकाल आपल्या प्रत्येक सोसायटीच्या फाइलमध्ये असायला हवा. १९६३ च्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅटमालकी कायद्यात, बिल्डर फ्लॅट विकू शकतो, फ्लॅटबरोबर गॅरेजही देऊ शकतो. पण स्टिल्टमधली जागा गॅरेज नव्हे. ती जिन्यासारखी, गच्चीसारखी सामाईक. ती विकायचा अधिकार बिल्डरला नाही, उघड्या पार्किंगचाही नाही.

म्हणजे काकांकडे बिल्डरच्या लेटरहेडवरचं जे पत्र आहे, त्याने ते त्या जागेचे मालक होत नाहीत. पैशांचा हिशोब बिल्डरशी. सोसायटीसमोर ते पत्र नाचवून उपयोग नाही. हे काकांना सभेत सांगायची हिंमत करणाऱ्या सेक्रेटरीला माझा नमस्कार!

आता नवीन इमारतीत राहणारे म्हणतील, आमच्या तर रजिस्टर्ड ॲग्रीमेंटमध्ये पार्किंग लिहिलंय. तुमची गोष्ट वेगळी असू शकते. २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा, लागू आहे. उघड्यावरचं पार्किंग रेरातही सामाईकच, त्याचे पैसे घेता येत नाहीत. पण महाराष्ट्राच्या रेरा नियमांत ‘कव्हर्ड पार्किंग’, म्हणजे छताखालचं, असा वेगळा प्रकार आहे, तो बिल्डर पैसे घेऊन देऊ शकतो. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, सांगितलं, की अशा जागेची लांबी, रुंदी, उंची, ती इमारतीत नेमकी कुठे आहे, सगळं करारात लिहा. कारण लोकांना ताबा मिळाल्यावर कळायचं, की डोक्यावर बीम आहे आणि गाडीचं दारच उघडत नाही.

तेव्हा सभेत आवाज चढवण्याआधी तीन गोष्टी बघा: इमारत मोफाच्या काळातली की रेराच्या, जागा उघडी की कव्हर्ड, आणि नोंदणी झालेल्या करारात तिचा उल्लेख आहे की नुसतं पत्र आहे.

ज्या जागा सोसायटीच्या ताब्यात आहेत, त्यांचं वाटप आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, होतं. उपविधी ७८ ते ८४ काढा, चार पानांचा मामला आहे. धोरण सर्वसाधारण सभा ठरवते, एकटे चेअरमन नाही. ज्या सभासदाकडे गाडी आहे, त्याला जागा मागता येते. साधारणपणे एकाला एक. जागा उरल्या तर दुसरी मिळू शकते, पण वर्षापुरती. आणि गाड्या जास्त, जागा कमी असं असेल तर चिठ्ठ्या टाकायच्या, त्याही दर वर्षी.

ही चिठ्ठ्यांची पद्धत कुणालाच आवडत नाही. पहिल्या दिवसापासून लिफ्टशेजारी गाडी लावणाऱ्याला तर अजिबात नाही. मला विचाराल तर न्याय्य पद्धत तीच आहे. वीस वर्षं उन्हात गाडी लावणाऱ्यालाही कधीतरी सावली मिळू दे की. आणि ती कव्हर घातलेली, हवा गेलेली, कोपऱ्यातली गाडी? ती फक्त जागा अडवायला उभी आहे हे वॉचमनलाही माहीत असतं. २०२१ मध्ये पार्किंगच्या नियमांवरच्या एका जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने तोंडी म्हटलं होतं, की एका फ्लॅटच्या कुटुंबाला चार-पाच गाड्या ठेवू देऊ नये. तो कायदा नव्हे, पण न्यायाधीशांच्याही नजरेला हे येतं, एवढं लक्षात घ्या.

जुना फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक ओळ. विकणारा म्हणतो, “पार्किंगसकट देतो.” त्याला ते सोसायटीने वर्षाच्या वाटपात दिलेलं असेल, तर विकायला त्याच्याकडे काहीच नाही. टोकन देण्याआधी सोसायटीकडून लेखी घ्या.

रस्त्यावरचं पार्किंग पटकन उरकते. तुमच्या घरासमोरचा सार्वजनिक रस्ता तुमचा नाही. तिथे दगड, कुंड्या, सिमेंट भरलेला टायर ठेवून जागा धरता येत नाही. ‘नो पार्किंग’ची पाटी तुम्ही रंगवून लावलीत तरी ती पाटी तुमचीच, वाहतूक पोलिसांची नाही. मात्र तुमच्या फाटकाच्या तोंडाशी कुणी गाडी लावली, तर ते चूकच. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत येण्याजाण्याचं तोंड अडवायला मनाई आहे, आणि वाहतूक पोलीस ती गाडी उचलू शकतात.

आता बोळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही भांडणं दोन-दोन पिढ्या चालतात.

एक प्लॉट, दोन भाऊ. वडिलांनी मधोमध दहा फुटांचा रस्ता सोडला, पुढे एक घर, मागे एक. तेव्हा दोघांकडे सायकली. आज पुढच्याकडे एसयूव्ही, मागच्याकडेही. पुढचा आपली गाडी त्या दहा फुटांत लावतो, आणि मागच्याला सकाळी हॉर्न वाजवावा लागतो. पुढे भाऊ जातात, चुलत भाऊ उरतात, मग एकजण घर विकतो आणि तिथे त्रयस्थ येतो. आधी “अरे दादा, गाडी काढ ना” असायचं, आता नोटीस.

पहिलं काम, खरेदीखत किंवा वाटणीपत्र काढायचं आणि चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारही हद्दी, वाचायच्या. तिथे ‘सामाईक रस्ता’ लिहिलं असेल आणि जमीन दोघांच्या नावे असेल, तर दोघेही सहमालक. एकाने ती गाडी उभी करून कायमची अडवायची नाही, मागच्यानेही नाही. दुसरी शक्यता, जमीन पुढच्याची, आणि मागच्याला फक्त येण्याजाण्याचा हक्क. मग तो जाऊ शकतो, येऊ शकतो. तेवढ्याने तिथे गाडी लावून झोपायला जाऊ शकत नाही.

कागदात काहीच नसेल तर १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट वगैरे वापरायच्या हक्कांचा कायदा. मागच्या घराला दुसरी वाटच नसेल, तर गरजेचा हक्क मागता येतो. नाहीतर वीस वर्षांची वहिवाट दाखवावी लागते: उघडपणे, शांतपणे, खंड न पडता, आणि हक्क म्हणून. हे शेवटचे दोन शब्द फार महागात पडतात. शेजारी म्हणाला असेल, “लाव रे गाडी, आपलंच आहे,” तर ती परवानगी झाली. परवानगीने वापरलेली वाट वीस काय, चाळीस वर्षांनीही हक्क होत नाही. म्हणून जागामालकाने परवानगी दोन ओळी लिहून द्यावी. वाईट वाटण्यासारखं काही नाही त्यात. उलट बिनधास्त देता येते.

याच कायद्याचं कलम २८ फार कमी लोकांना माहीत असतं. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा येत नाही. म्हणजे आजोबांना त्या बोळातून पायी जायचा हक्क होता, म्हणून नातवाला आपोआप मोटार न्यायचा मिळत नाही. एसयूव्हीवाल्या नातवांनी हे दोनदा ऐकावं.

पोलिसांकडे गेलात की ठरलेलं उत्तर, “दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” ते नेहमी टाळाटाळच करतात असं नाही. हक्काची वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात एक अपवाद आहे: खासगी वाट अडवायचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असं कुणी प्रामाणिकपणे मानत असेल, तर तो गुन्हा नाही. आणि बोळातल्या भांडणात दोघेही तसंच मानत असतात! म्हणून तुमच्या हातात कागद लागतो. खरेदीखताची प्रत, मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घेतलेली मोजणी. शेजाऱ्याच्या टायरची हवा सोडलीत किंवा दारावर चावीने ओरखडा काढलात, तर मात्र नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर, मग बोळ कुणाचाही असो.

शेवटी कोर्टच उरलं, तर सोसायटीतला वाद आधी समितीकडे लेखी, मग सभेत, मग सहकार खात्याचे उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय. बोळाचा वाद दिवाणी न्यायालयात, आणि पहिली मागणी तात्पुरत्या मनाई हुकमाची. तिथे न्यायाधीश बघतात, की आजपर्यंत वाट प्रत्यक्षात कशी वापरात होती. त्यामुळे नवीन फाटक बसलं, साखळी लागली, की त्याच आठवड्यात तारखेसकट फोटो काढा आणि लेखी हरकत पाठवा. दोन वर्षं गप्प बसलात, तर तुमच्याच विरोधात पुरावा तयार होतो.